कोण, कुठं, कशानं

“ही पोरगी फोनमदी सुदिक पदर घिऊन बोलती.”

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. फोन बंद झाला असं तो घेणाऱ्या काकांना वाटलं होतं. स्पीकरचं बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. मी देवळालीत आमच्या घराच्या ओट्याच्या पायरीवर मोबाईल कानाला लावून उभी होते, आणि तिकडे हॉस्पिटलच्या काउंटरवर हसू फुटलं होतं. त्यातलं एक हसू मी ओळखलं. ते सिस्टरचं होतं, दुपारीच तिने माझ्या डब्यातली भेंडी संपवली होती. मग ती म्हणाली, “काका, लाल दिवा चालूच आहे अजून,” आणि फोन खटकन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी काकांना काही म्हणाले नाही. सिस्टरलाही नाही. अशा गोष्टी मी घडी घालून आत ठेवून देते आणि अधूनमधून उलगडून बघते. कान तेव्हाही तापतात.

मी तालुक्याच्या गावातल्या एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून नुकतीच लागले होते. तिथे एका छोट्या खोलीत रक्ताच्या पिशव्यांचा फ्रीज होता. एखाद्या बाईला बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला की तिचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवून द्यायचं काम आमचं. संध्याकाळनंतर लॅब बंद असे, म्हणून आम्हा दोघा टेक्निशियनांपैकी एकाने घरी तयारीत राहायचं, बोलावलं की निघायचं. ज्याची पाळी असेल त्याने दिवस मावळायच्या आत हॉस्पिटलला फोन करून हजेरी द्यायची. तो फोन घ्यायचे काका.

त्यांचे प्रश्न तीन, आणि त्यांचा क्रम ठरलेला. “कोन? कुठं? कशानं?”

तिन्हींची उत्तरं एका दमात दिली तर त्यांना चालायची नाहीत. “एकेक,” म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. ‘कशानं’ म्हणजे बोलावलं तर कोणत्या वाहनाने येणार. हा प्रश्न उगाच नव्हता. हॉस्पिटलची एकच गाडी, एकच ड्रायव्हर. कोणाला आणायला जावं लागणार असेल तर काका त्याला थांबवून घ्यायचे. नाहीतर गरज नाही म्हणून घरी सोडून द्यायचे. तुमचं उत्तर मिळालं की म्हणायचे, “सोडतो.” अच्छा नाही, ठेवतो नाही. सोडतो. जणू इतका वेळ त्यांनी तुम्हाला हाताला धरून उभं केलेलं होतं.

आणि हे सगळं स्पीकरवर. रात्री काका घरी जायचे आणि गाडी पाठवायचं काम मागे राहिलेल्या सिस्टरवर यायचं, म्हणून तिच्या कानावर प्रत्येक उत्तर पडलं पाहिजे असा त्यांचा कायदा होता. “मी ऐकलं, सिस्टरनं ऐकलं. आता तुमी आलातच,” असं ते म्हणायचे. काउंटरवर उभे असलेले पेशंटचे नातेवाईक, औषधवाला, झाडू मारणाऱ्या मावशी हेही ऐकायचे. त्याला काकांचा इलाज नव्हता.

मला फोनवर बोलायची आधीपासूनच धास्ती. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत. त्यामुळे मी दोन्ही भाषांत अर्धी राहिले. समोर माणूस असला की चेहरा बघून भाषा निवडता येते. फोनवर जी निवडावी ती चुकीची ठरते. पहिल्या संध्याकाळी मी पायरीवर उभी राहून वाक्य घोळवलं आणि फोन उचलल्याबरोबर म्हणून टाकलं, “गुड इव्हिनिंग सर, धिस इज टू इन्फॉर्म दॅट आय अ‍ॅम अव्हेलेबल टुनाइट.”

पलीकडे शांतता. घड्याळाची टिकटिक ऐकू येईल इतकी.

“कोन?”

मी नाव सांगितलं.

“कुठं?”

“घरी.”

“घर सगळ्यांनाच असतंय. कुठं?”

“देवळाली.”

“आता कसं. कशानं, देवळाली?”

मागे कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. त्या दिवसापासून मी ‘देवळाली’ झाले. काका सगळ्यांना गावाच्या नावाने हाक मारायचे: कोल्हार आलं का, लोणीची सुट्टी हाय, बेलापूरला चहा द्या. पण माझं नाव मागे पडायला एक फोन पुरला याचं मला वाईट वाटायचं. काका मुद्दाम माझी फजिती करतात असंच मी धरून चालले होते. हॉस्पिटल ज्यांचं होतं त्या मोठ्या मॅडम स्वतः फोन करायच्या तेव्हाही ते “कोन?” असंच विचारतात आणि मॅडम मुकाट्याने नाव सांगतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

काका पूर्वी एका साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होते. गळीत हंगामात मिल बंद पडली की गावागावांतून फिटर, वेल्डर, पंपवाले यांना बोलावून घ्यायचं काम त्यांचं. तिथून रिटायर झाल्यावर मॅडमनी त्यांना काउंटरला बसवलं. बोर्ड गेला तरी त्यांची बसायची पद्धत बोर्डावरचीच राहिली होती. उजवा कान दाराकडे, डावा फोनकडे, आणि पुढ्यात काहीही नाही. चहासुद्धा नाही. “तोंडात घोट असताना घंटी वाजली तर गिळू का बोलू?” असं विचारायचे. फोन तिसऱ्या घंटीला उचलायचे. पहिलीला उचलला तर माणूस दचकतो आणि चौथीला घाबरतो, हे त्यांचं गणित. रिसीव्हर रोज सकाळी कापराच्या पाण्याने पुसायचे, त्यामुळे काउंटरला देवळासारखा वास यायचा. मुलाने दिलेला मोबाईल त्यांच्याकडे होता, पण तो बंद करून डब्याच्या पिशवीत भाकरीशेजारी ठेवलेला असे.

आणि टोपी. त्यांची पांढरी टोपी मागच्या खिळ्याला टांगलेली असायची. घंटी वाजली की पहिल्या दोन घंट्यांत ते उठायचे, टोपी घालायचे, बसायचे, आणि तिसरीला उचलायचे. पलीकडून मॅडम असोत की मावशी, टोपीशिवाय फोन नाही. “त्याला दिसत न्हाई म्हनून काय झालं,” असं ते एकदा औषधवाल्याला म्हणाले, “मला तर म्हाईत अस्तंय ना मी कसा बसलोय ते.”

आमच्याकडे भूल देणारे एक डॉक्टर यायचे. तरुण, घाईत असलेले. त्यांनी एका संध्याकाळी फोन न करता हॉस्पिटलच्या ग्रुपवर अंगठा टाकला. काकांनी त्यांना गैरहजर धरलं आणि श्रीरामपूरच्या दुसऱ्या डॉक्टरांना सांगून ठेवलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन तावातावाने बोलले. मी लॅबच्या दारातून ऐकत होते.

“मेसेज केला होता मी. सगळ्यांनी बघितला.”

“मेसेज आलाय सायेब. तुमी कुठं आलाय?”

“म्हणजे काय? मेसेज मीच केला ना?”

“आसंल. अंगठा तर माझी नातबी दाबती. दोन वर्साची हाय.”

डॉक्टर मॅडमकडे गेले. मॅडमनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण त्या संध्याकाळी फोन आला. काकांनी टोपी घातली. “कोन?” डॉक्टरांनी दात आवळून नाव सांगितलं. काउंटरवर सगळे खूश. मीही हसले, आणि हसताना मला लाजही वाटली, कारण त्या डॉक्टरांच्या जागी मी रोजच असायचे.

हे एवढं कशासाठी, असं सिस्टरने एकदा विचारलं तेव्हा काकांनी कारखान्यातल्या एका फिटरची गोष्ट सांगितली. नंतर ती मी पुष्कळदा ऐकली आणि ती दर वेळी वेगळी होती. कधी फिटर लग्नाला गेलेला असायचा, कधी उसाला पाणी धरायला. कधी निरोप आणणारा शिपाई असायचा, कधी फिटरचा मेहुणा. मिलमध्ये कोणाचा तरी हात अडकला होता, तो कधी डावा, कधी उजवा. एवढंच बदलायचं नाही की काकांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून, फिटरचा आवाज न ऐकता, तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं होतं, “येतोय.” आणि कोणी आलं नव्हतं. गोष्ट इथे आली की काका फडकं घेऊन आधीच पुसलेला रिसीव्हर पुन्हा पुसायचे.

आता काका काउंटरवर नाहीत. गुडघे फार दुखायला लागल्यावर ते पुणतांब्याला मुलीकडे राहायला गेले. आता आम्ही सगळेच ग्रुपवर अंगठा टाकतो. मीही टाकते. दर वेळी टाकताना पलीकडची ती शांतता ऐकू येते आणि मनातल्या मनात मी तिन्ही उत्तरं देते.

तिसऱ्या प्रश्नाला तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असायचं: बाबांच्या गाडीवर. दिवसा मी माझ्या स्कूटीवर जात असे, पण अंधार पडल्यावर त्या रस्त्याला एकटीने लागायचं नाही, असं घरात ठरलं होतं. बाबांनी आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी कुठे ने म्हणत नव्हतं. माझी पाळी असली की ते चार वाजल्यापासून मोटारसायकल पुसायला घ्यायचे आणि फोनच्या वेळी जर्किन घालून, हेल्मेट मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे. काकांचा तिसरा प्रश्न त्यांना फार आवडायचा. मी उत्तर द्यायच्या आत तेच मागून म्हणायचे, “सांग, बाबांच्या गाडीवर. टँकरवाल्याचा रामराम म्हणावं.” तिकडून काका म्हणायचे, “रामराम पोचला.”

बाबांना संध्याकाळचं दिसेनासं झालं होतं. शुगर बरीच वर्षं होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की ते जेवण अर्धं टाकून उठायचे. दिवे लागायच्या सुमाराला ते माणसं आवाजावरून ओळखू लागले होते. ओट्यावरून उतरताना पाय आधी हवेत थांबायचा, मग पायरी शोधायचा. आईला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बाबांना तर माहीत होतंच. घरात त्यावर कोणी बोललं नव्हतं. एकदा मी म्हणून बघितलं, “मी चालवते ना, तुम्ही मागे बसा.” बाबा हसले. “टँकरच्या ड्रायव्हरला पोरीच्या मागं बसवती का?” मग ते हसायचे थांबले, आणि मी विषय बदलला.

त्या हिवाळ्यात एकदा अंधार पडतापडता बोलावणं आलं. एका बाईला रक्त लागणार होतं. आम्ही निघालो. उसाचा हंगाम होता आणि रस्त्याने कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग होती, उसाने लादलेल्या, मागे दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. मला त्या दुरून दिसत होत्या. बाबा वेग कमी करतील असं मला वाटत होतं. ते करेनात. शेवटच्या क्षणी मी त्यांचं जर्किन धरून ओरडले, “बाबा!” त्यांनी गाडी बाजूला घेतली. हँडल उसाला घासलं, आणि आम्ही साइडपट्टीच्या मातीत जाऊन थांबलो. पडलो नाही. बैल नुसते मान हलवून उभे राहिले.

गाडीवान उतरून आला. “आवं, येवडी गाडी दिसंना व्हय तुमाला?”

“धुकं लई हाय,” बाबा म्हणाले.

त्या माणसाने वर पाहिलं. आभाळ इतकं स्वच्छ होतं की शुक्राची चांदणी दिसत होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणाले. “धुकं आहे.”

तो बैलांकडे वळला. उरलेला रस्ता बाबांनी इतक्या हळू कापला की सायकली आम्हाला मागे टाकून गेल्या. मी मागे बसून त्या बाईचा विचार करत होते आणि वेग वाढवा म्हणायची मला हिंमत नव्हती. पोहोचले, रक्त जुळवलं, पिशवी दिली. उशीर झाला होता, पण बाई वाचली. सिस्टर म्हणाली, “देवळाली, आज कुठून फिरून आलात?” मी हात धूत राहिले.

बाहेर आले तेव्हा काका अजून घरी गेले नव्हते, पोर्चमधल्या मंद दिव्याखाली ते बाबांना चहा देत होते. काकांनी कप पुढे केला. बाबांचा हात कपाच्या शेजारून पुढे गेला, रिकामाच. काकांनी तोंडाने बोलणं चालू ठेवून कप हळूच सरकवला आणि बरोबर त्या हाताखाली आणला.

“मंग, टँकरवाले, रस्त्यात काय?”

“धुकं हुतं.”

“व्हय. धुकं लई वंगाळ,” काका म्हणाले. मोटारसायकलच्या दिव्यात उसाचं एक पान अडकलं होतं. त्यांनी ते ओढून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. “एक काम हुतं तुमच्याकडं. पेशंटच्या सासूला देवळालीत सोडायचंय. आमचा ड्रायव्हर नवा हाय, त्याला रस्ता म्हाईत न्हाई. तुमी पुढं बसून दावाल का? गाडी राहू द्या हितंच, पोरगी सकाळी बघंल तिचं.”

ड्रायव्हर शेजारीच उभा होता. तो त्याच रस्त्यावरच्या वस्तीत राहणारा, वर्षानुवर्षं ती गाडी चालवणारा. त्याने काकांकडे पाहिलं आणि दार उघडलं. बाबा ऐटीत पुढे बसले आणि देवळालीपर्यंत प्रत्येक वळणाच्या आधी “आता डावीकडं घे,” “हितं गतिरोधक हाय” असं सांगत राहिले. त्यांना तो रस्ता पाठ होता. ड्रायव्हर प्रत्येक वेळी “व्हय नाना” म्हणत होता. मी मागे त्या सासूबाईंच्या शेजारी बसून खिडकीतून बाहेर बघत होते. निघताना माझं लक्ष गेलं होतं: फोन वाजत नसतानाही काकांच्या डोक्यावर टोपी होती.

त्यांनी सगळं पाहिलं होतं. पुढची पाळी येईपर्यंत मी काउंटरसमोरून जायचं टाळलं. मागच्या दाराने आत शिरायचे. आमच्या घरातली गोष्ट आता त्या काउंटरवर पोहोचली आहे, सिस्टरला, औषधवाल्याला, मावशींना कळली आहे, असं वाटायचं. पण कोणी काही बोललं नाही. काकांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

माझी पाळी आली. मी पायरीवर उभी राहिले. घरात आई दिवा लावत होती. बाबा ओट्यावर, जर्किन घालून, हेल्मेट मांडीवर. एका हाताने ते त्याची काच पुसत होते. तिसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

“कोन?”

मी नाव सांगितलं.

“कुठं?”

“देवळाली.”

मग तिसरा प्रश्न आला नाही. काका थांबले. काउंटरवरचे आवाज ऐकू येत होते, एक लहान मूल रडत होतं. टक असा आवाज झाला आणि ते सगळं एकदम बंद झालं. नंतर काकांचा आवाज आला तो जवळून, माझ्या कानातच बोलल्यासारखा.

“स्पीकर बंद केलाय. सिस्टरला चा प्यायला धाडलंय. आता मी येकटाच हाय. तिला काय सांगायचं ते मी बघन. कशानं, पोरी?”

मी तोवर त्यांना कायदा मोडताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी ते सिस्टरला काहीतरी बनवून सांगणार होते, दुसऱ्याच्या वतीने, तिने माझा आवाज न ऐकता. त्यांनी त्यांच्या बाजूचे कान बंद केले होते. माझ्या बाजूचे बंद करण्यासारखे नव्हते. बाबा माझ्यापासून दोन हातांवर बसले होते, आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे म्हटलं, “सांग की. बाबांच्या गाडीवर.”

मी वळून पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझा आवाज जिथून येतो तिकडे, माझ्या खांद्याच्या थोडंसं बाजूला. हेल्मेटच्या काचेवर त्यांचा अंगठा फिरायचा थांबला होता. रस्त्यावरून उसाची एक गाडी चालली होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

“देवळाली?” काका म्हणाले.

माझा आवाज निघाला तो बाबांना आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतका मोठा निघाला.

“काका, सिस्टरना बोलवा आणि स्पीकर लावा. मी देवळालीतून बोलतेय. मी तयार आहे. आमच्या बाबांना अंधार पडल्यावर दिसत नाही. ड्रायव्हरला थांबवून ठेवा, मला गाडी लागेल.”